घरातला बंदोबस्त आणि कॅमेरा

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे इचलकरंजीचे, वय २९. ते आठ वर्षांचे असल्यापासून आईला स्किझोफ्रेनिया आहे. गेल्या तीन वर्षांत त्यांनी मोबाईलवर साठेक तास शूट केलंय, शिवाय मामाच्या हँडीकॅमच्या अकरा जुन्या टेपा आहेत. आईवर माहितीपट करायचाय. वडील म्हणतात, "घरातलं चव्हाट्यावर कशाला?" आई कधी "कर" म्हणते, कधी "बंद कर ते". हे करणं बरोबर आहे का, परवानगी कुणाची आणि कशी घ्यायची, आणि आजार बळावलेल्या रात्रींचं शूटिंग वापरायचं का, असं त्यांनी विचारलंय. सोबत तीन क्लिपा आणि सगळ्या फुटेजची यादी पाठवली आहे.

तुमच्या यादीत ११७ नंबरला एक नोंद आहे: "आई मेथी निवडते, ४१ मिनिटं, उपयोग नाही." तीन क्लिपांमध्ये ती बहुधा चुकून आली असावी. बाकीच्या दोन मुद्दाम निवडलेल्या दिसतात. एकीत आई रात्री दोन वाजता भिंतीशी भांडते आहे, दुसरीत तुम्ही कॅमेऱ्यासमोर बसून लहानपणाबद्दल बोलता. त्या दोन्ही मी एकेकदा पाहिल्या. मेथीची चार वेळा.

फोन कशाला तरी टेकवून ठेवलाय, जरा तिरका. आई देठ खुडते, पिवळी पानं बाजूला काढते, मधूनच ओठ हलतात. बाहेर यंत्रमागांचा खडखडाट चालू आहे. तेराव्या मिनिटाला उजवीकडून एक हात येतो, ताटाशेजारी गोळी आणि पाण्याचं भांडं ठेवतो, आणि तिथेच थांबतो. आई गोळी तोंडात टाकते, पाणी पिते, मग तोंड उघडून दाखवते. हात जातो. दोघांत एक शब्द होत नाही. आई पुन्हा जुडी हातात घेते.

तुम्ही याच्यापुढे "उपयोग नाही" लिहिलंय, म्हणून हे उत्तर लांबणार आहे.

मी एडिटर आहे, पुण्यात राहते. सव्वीस वर्षं दुसऱ्यांचे माहितीपट कापले, त्यातले सहा-सात स्वतःच्या घराबद्दलचे होते. एक मी स्वतः केला, माझ्या वडिलांवर. त्यांच्या आजाराला आमच्या लहानपणी मॅनिक डिप्रेशन म्हणायचे, आता बायपोलर म्हणतात. पहिलं वर्षभर मी तुमच्यासारखंच केलं. बाबांचा उत्साह चढला की कॅमेरा काढायचा, ते खचून खाली गेले की काढायचा, मधले महिने बॅग बंद. एका दिवाळीत त्यांनी चौदा छत्र्या आणल्या, त्या मी एकेक उघडून शूट केल्या. सत्तर मिनिटांचा पहिला कट, म्हणजे जोडलेला कच्चा चित्रपट, झाला. एका ज्येष्ठ एडिटरांना दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत पाहिला आणि एवढंच विचारलं, "तुझे वडील जेवतात कधी?"

मला राग आला. आठवडाभर त्यांचं नाव घेतलं नाही. मग फुटेज पुन्हा बघायला बसले आणि लक्षात आलं, की वर्षभरात बाबा एकदाही ताटावर बसलेले दिसत नाहीत. आई तर जवळपास नाहीच. पासबुक ती तांदळाच्या डब्यात ठेवायची, हे मला चाळिशीत कळलं. गल्लीतल्या वाण्याला, भांडीवाल्याला, बँकेतल्या एका कारकुनाला तिने वीस वर्षांपूर्वीच सांगून ठेवलं होतं की साहेबांनी काही मोठं मागितलं तर आधी घरी फोन करा. छत्रीवाला तेवढा नवीन होता, त्याला सांगायचं राहिलं. हे सगळं समजल्यावर माझा चित्रपट बाबांच्या आजारावरून उठला आणि त्या गल्लीत जाऊन बसला.

तेव्हापासून मी याला बंदोबस्त म्हणते. ज्या घरात असा आजार दीर्घकाळ राहतो, ते घर त्याच्याभोवती बंदोबस्त लावतं. सुऱ्या वरच्या फळीवर जातात. गॅसचा रेग्युलेटर रात्री काढून ठेवतात. एखाद्या खोलीला बाहेरून कडी येते. पाहुणे यायचे असले की "तू आज लवकर जेवून घे". शेजाऱ्यांना "बीपीचा त्रास आहे". लग्नपत्रिकेत आईचं नाव असतं, मांडवात आई नसते. आजार म्हणजे काय, मेंदूत काय होतं, हे सांगायला डॉक्टर आहेत आणि ते चांगलं सांगतात. हा बंदोबस्त मात्र बाहेरच्या कुणाला दिसत नाही, आणि घरातल्यांना तो इतका अंगवळणी पडलेला असतो की त्यांनाही दिसत नाही. तुम्ही आत राहून कॅमेरा धरू शकता. तुमच्या चित्रपटाला हक्काचं काही असेल तर ते हे आहे.

"हे करणं बरोबर आहे का" याचं माझं उत्तर यातूनच येतं. फक्त आई रुग्ण म्हणून पडद्यावर येणार असेल आणि तुम्ही, वडील, मामा, मोठे काका सगळे कॅमेऱ्यामागे सुरक्षित राहणार असाल, तर करू नका. बंदोबस्त शूट करायचा तर तो लावणारेही फ्रेममध्ये यावे लागतात. त्यात तुम्हीही आलात. आईला खोलीत थांबायला सांगून दार ओढून घेतल्याचं तुम्हाला आठवत असेल. ते चित्रपटात येणार का, हे आधी स्वतःला विचारा.

दोन चित्रपटांबद्दल सांगते, दोन्ही पाहावेत असे.

पहिला अमेरिकन, जोनाथन काउएटचा 'टार्नेशन'. अकराव्या वर्षापासून हा मुलगा स्वतःला आणि घरच्यांना शूट करत होता. आईच्या आजाराच्या आणि स्वतःच्या पडझडीच्या त्या साऱ्या टेपा त्याने घरच्या संगणकावर आयमूव्ही या साध्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये जोडल्या. खर्च २१८ डॉलर, असं जगभर छापून आलं, आणि २००४ साली सनडान्सपासून कानपर्यंतच्या महोत्सवांत तो गाजला. तो स्वस्तात झाला याचंच कौतुक सगळे सांगतात. त्या आकड्यात गाण्यांचे हक्क धरलेले नव्हते, हे फार कमी जण सांगतात. मला त्यातला एक प्रसंग सलतो. लिथियम या औषधाच्या अतिमात्रेनंतर मेंदूला इजा झालेली आई हातात छोटा भोपळा घेऊन गाते, नाचते, हसते, आणि कॅमेरा हलतच नाही. किती वेळ. काही समीक्षक त्याला धाडस म्हणतात. मी एडिटिंग टेबलावर असते तर भांडले असते. पण एक मान्य करायला हवं, की तो मुलगा स्वतःही तितकाच उघडा पडलेला आहे, आईला पुढे करून मागे लपलेला नाही.

दुसरा जपानी, तोमोआकी फुजिनो यांचा. नावाचा अर्थ साधारण 'काय करायला हवं होतं?' असा. त्यांची आठ वर्षांनी मोठी बहीण वैद्यकीय शिक्षण घेत होती. १९८३ साली तिच्यात स्किझोफ्रेनियाची पहिली लक्षणं दिसली. आईवडील दोघेही वैद्यकशास्त्राशी संबंधित, आणि दोघांनीही मानलं नाही. मुलगी ठीक आहे, एवढंच म्हणत राहिले. २००१ पासून फुजिनोंनी घरी जाऊन शूट करायला सुरुवात केली. पडद्यावर काय दिसतं? जेवण, नवं वर्ष, गप्पा, आणि घराच्या दाराला आतून साखळी आणि कुलूप. बहिणीला उपचार मिळायला पंचवीसएक वर्षं गेली, आणि मिळाल्यावर काही महिन्यांत फरक दिसला. चित्रपटाच्या सुरुवातीलाच पाटी येते की बहिणीला आजार का झाला हे शोधणं किंवा हा आजार काय आहे हे समजावणं हा या चित्रपटाचा हेतू नाही. मी ते वाचलं तेव्हा खुर्चीत सरळ बसले. शेवटाकडे मुलगा म्हाताऱ्या वडिलांना समोर बसवून विचारतो. वडिलांचं उत्तर इथे सांगत नाही, स्वतः ऐका. पण त्या प्रश्नात आरडाओरडा नाही, आणि तो विचारायला मुलाने वीस वर्षं घेतली आहेत.

आपल्याकडे या आजारावर सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' २००४ साली आला. तो कथापट, पण त्यातली बहीण लक्षात घ्या, सगळा बंदोबस्त तिच्या अंगावर आहे. पुण्याच्या रेश्मा वल्लियप्पन यांच्यावरच्या 'अ ड्रॉप ऑफ सनशाइन' या माहितीपटात ज्यांना आजार आहे त्याच बोलतात, तिथे सगळा तोल बदलतो. आणि मराठी घर कॅमेरा कसा सहन करतं, कसं चिडतं, कसं विसरून जातं हे पाहायचं असेल तर अर्चना फडके यांचा 'अबाउट लव्ह' बघा, २०१९चा. त्यात या आजाराचा विषय नाही. मुंबईतल्या एका घरातल्या तीन पिढ्या आहेत, आणि घरातलीच मुलगी कॅमेरा घेऊन फिरते आहे.

आता परवानगी. "कधी कर म्हणते, कधी बंद कर म्हणते" असं तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंय. दोन्ही उत्तरं खरी आहेत. दोन्हींत "बंद कर" वरचढ. त्या क्षणी फोन खाली. पुन्हा विचारायचं ते दुसऱ्या दिवशी, आणि शूटिंगच्या वेळी नाही, चहाच्या वेळी.

मी संमती तीनदा घ्यायला सांगते. शूट करण्याआधी एकदा. मग जे शूट झालं ते तिला दाखवून एकदा. मग पूर्ण कट तयार झाल्यावर, अजून बदल करता येतो अशा वेळी एकदा. तिन्ही वेळा आईची तब्येत बरी असताना, आणि तिच्या भाषेत. चार पानी इंग्रजी फॉर्मवर अंगठा किंवा सही घेऊन काही साधत नाही. "हे इचलकरंजीच्या बाहेरचे लोक बघतील. तुला मामी, शेजारच्या काकू ओळखतील. तू गोळ्या घेतेस हे त्यांना कळेल. चालेल?" असं एकेक वाक्य विचारा आणि उत्तर शूट करून ठेवा. बाबांनी आणि मी एक खूण ठरवली होती: त्यांनी चष्मा काढला की शूटिंग बंद. कारण विचारायचं नाही. वर्षभरात त्यांनी नऊ वेळा काढला. दोनदा नुसताच पुसायला काढला होता, तरी मी बंद केलं.

कायद्याचं थोडं. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७, लागू झाला २९ मे २०१८ पासून. त्यातलं कलम २४ सांगतं की मानसिक आरोग्य संस्थेत उपचार घेणाऱ्या व्यक्तीचा फोटो किंवा तिच्याविषयीची माहिती तिच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. "तिच्या" हा शब्द महत्त्वाचा. वडिलांची सही, तुमची सही, डॉक्टरांची मान डोलावणं, यातलं काही त्या जागी चालत नाही. आईने नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणून वडिलांचं नाव दिलं असेल, तरी ती सोय उपचारांच्या निर्णयांसाठी आहे, चित्रपटासाठी नाही. जुने केसपेपर हवे असतील तर कलम २५ प्रमाणे ते मागण्याचा हक्क आईचा आहे. अर्ज तिच्या नावाने, तिच्या सहीने करा. आणि वॉर्डात, ओपीडीच्या रांगेत फोन काढू नका. तिथे बसलेल्या बाकीच्यांनी तुम्हाला काहीच परवानगी दिलेली नाही.

एक गोष्ट डॉक्टरांना मात्र नक्की विचारा, कारण ती फिल्मवाल्यांना सुचत नाही. स्किझोफ्रेनियात कित्येकांना आपल्यावर कुणाची तरी पाळत आहे, घरात कॅमेरे लपवलेत, टीव्हीवर आपल्याबद्दलच बोलतात असं वाटत असतं. तुमच्या आईच्या मनात असं काही असेल, तर तुमचा फोन त्या संशयाला खतपाणी घालतोय. मेथीच्या क्लिपेत फोन टेकवून ठेवलेला आहे. तिला तो दिसत होता का? लपवून काहीही शूट करू नका, "नैसर्गिक" येतं म्हणूनही नाही. फोन समोर ठेवा, तिला स्क्रीन दाखवा, बटण तिलाच दाबू द्या. संशय वाढायला लागला तर महिना-दोन महिने पूर्ण थांबा. त्याने चित्रपटाचं काही बिघडत नाही. माझा सात महिने थांबला होता.

याला जोडून आणखी एक. बऱ्याच घरांत गोळी आमटीत नाहीतर चहात मिसळून देतात. तुमच्या घरात आता आई हातात घेऊन गिळते, पण पूर्वी तसं होत असेल आणि तुम्हाला ते सांगायचं असेल, तर जपून. आईला ते माहीत आहे का? माझा नियम असा की ज्याच्यावर चित्रपट आहे त्याला एखादी गोष्ट चित्रपटातून पहिल्यांदा कळता कामा नये. आधी डॉक्टरांशी बोला, मग घरात बसून सांगा, मग पडद्यावर. एका दिग्दर्शकाने हे केलं नाही. त्याच्या वडिलांनी सभागृहात अंधारात बसून ऐकलं की दहा वर्षं दुधात काय मिसळलेलं असायचं. तो चित्रपट पुन्हा कुठे लागला नाही. वडील त्या घरी दूध पीत नाहीत.

रात्रींचं फुटेज. डिलीट करू नका, पण रोजच्या डिस्कवरून काढून वेगळ्या डिस्कवर घाला आणि ती कपाटात ठेवा. कट तयार होत असताना ते हाताशी नसलेलं बरं, कारण एडिटमध्ये जिथे अडेल तिथे माणूस सगळ्यात जोरदार शॉट शोधतो, आणि तुमच्याकडचा सगळ्यात जोरदार शॉट तो आहे. सहा महिन्यांनी, चित्रपट त्याच्याशिवाय उभा राहतोय असं वाटलं, की उघडा आणि पाहा, अजून लागतोय का. बहुतेक वेळा लागत नाही. लागलाच तर नुसता आवाज घेऊन बघा, चित्रात रिकामा व्हरांडा किंवा बंद दार. मी बाबांच्या एका रात्रीचे अडतीस सेकंद काळा पडदा ठेवून वापरले. त्यात त्यांचा आवाज नाही, माझ्या आईचा आहे. ती फोनवर कुणाला तरी सांगते, "नाही हो, टीव्ही मोठा लागलाय."

आणि काळजी जितकी आईची, तितकीच तुमची. त्या भिंतीच्या क्लिपेत घरात तुम्ही एकटेच आहात, दुसऱ्या कुणाची चाहूल नाही. अशा वेळी तुम्ही मुलगा आहात, कॅमेरामन नाही. फोन हातात असेल तर तो फोन करायला वापरा. डॉक्टरांचा नंबर, जवळ राहणारा एक नातेवाईक, आणि सरकारची टेलि-मानस सेवा, १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलतात. जिवाला धोका दिसला तर वाट न बघता दवाखाना. घरात कधी आत्महत्येचा प्रयत्न झाला असेल तर तो कसा झाला हे चित्रपटात दाखवू नका, सांगूही नका. झाला होता एवढं पुरतं.

यंत्रांबद्दल भराभर. मामाच्या टेपा कोणत्या आहेत ते कॅसेटवर वाचा: व्हिडिओ एट, हाय एट, डिजिटल एट की मिनी डीव्ही. खिडकीतून रिळावर पांढरी भुकटी किंवा डाग दिसले तर ती बुरशी. अशी टेप कुठल्याही प्लेअरमध्ये घालू नका, टेपही जाते आणि प्लेअरचं हेडही. बुरशी साफ करणारे लोक असतात, त्यांच्याकडेच द्या. चांगल्या टेपा जितक्या कमी वेळा चालतील तितकं बरं, म्हणून पहिल्यांदा चालवतानाच संगणकावर उतरवून घ्या. काही डिजिटल एट कॅमेरे जुन्या हाय एट टेपाही वाजवतात, ओळखीत कुणाकडे असेल तर बघा. मिनी डीव्ही फायरवायर केबलनेच घ्या, तासाला साधारण १३ जीबी जागा लागते. मोबाईलचं फुटेज बहुधा बदलत्या फ्रेमरेटचं असतं, म्हणजे सेकंदाला फ्रेम कधी कमी, कधी जास्त. ते तसंच टाइमलाइनवर टाकलं की वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज हळूहळू ओठांपासून सरकतो आणि आपल्याला वाटतं, काहीतरी भास होतोय. आधी हँडब्रेकसारख्या फुकट सॉफ्टवेअरमधून सगळं सेकंदाला स्थिर २५ फ्रेमवर आणा. प्रती तीन, त्यातली एक घराबाहेर. आणि पुढच्या शूटिंगसाठी आधी एक बरा लेपल माइक, म्हणजे कपड्यांना लावायचा छोटा माइक, घ्या, कॅमेरा राहू दे. मागांच्या गावात शूट करताय तुम्ही.

साठ तास फुटेज बघायला साठ तासच लागतात, त्याला पळवाट नाही. बघताना वहीत लिहा, पण "भारी", "रडवतं" असं नको. कोण काय करतं ते लिहा. "बाबा कडी लावून पुन्हा ओढून बघतात." "आई फोन वाजला की आत जाते." दोनशे नोंदी झाल्या की त्यातल्या परत परत येणाऱ्या गोष्टींना खूण करा. बंदोबस्त तिथे सापडेल. अकरा टेपांमध्येही तेच शोधा. मामा लग्नामुंजी शूट करत असणार. त्यात आई कुठे आहे, कडेला का, कुणी तिला हाताला धरून बाजूला नेतंय का, की एखाद्या वर्षापासून ती दिसतच नाही? एका चित्रपटात मी फक्त बारशाच्या आणि वाढदिवसाच्या टेपा सालवार लावल्या होत्या. सातव्या वाढदिवसापासून आई फ्रेममध्ये नव्हती. निवेदनाचा एक शब्द लागला नाही.

निवेदनावरून आठवलं. तुम्ही कॅमेऱ्यासमोर बोलता ती क्लिप प्रामाणिक आहे, पण त्यात तुम्ही आईबद्दल तिसऱ्याच कुणाला तरी समजावून सांगताय, वर "ट्रॉमा", "हीलिंग" वगैरे. तुमच्या घरात हे शब्द कोण बोलतं? तुमच्या घरात काय म्हणायचे ते शोधा: "तिचं सुरू झालं", "बाहेरचं आहे", "गोळ्या चालू आहेत", "डोकं फिरलंय". त्यातले काही शब्द क्रूर आहेत, ते गाळू नका. कुणी म्हटले, तुम्ही म्हटले का, तेही सांगा. स्किझोफ्रेनिया हा शब्द आई स्वतः कधी वापरते का? वापरत असेल तर तो पहिल्यांदा तिच्या तोंडून येऊ दे. आणि पार्श्वसंगीतात पियानो नको. कृपा करून.

वडिलांचं. "चव्हाट्यावर कशाला" यावर तुम्ही त्यांच्याशी वाद घातलात असं दिसतं, समाजातला कलंक, जागृती वगैरे. ते सगळं खरं आहे, पण ज्या माणसाने वीस वर्षं दार लावून धरलं त्याला तुम्ही सांगताय की दार उघडणं चांगलं असतं. त्याला ऐकू येतं ते असं, की तू चुकलास. कदाचित ते चुकलेही असतील, पण त्याचा हिशेब पहिल्या भेटीत नको. त्यांना त्यांच्या कामाबद्दल विचारा. गोळ्या कुठून आणता, संपत आल्या की कधी कळतं, दुकान बंद असलं तर काय करता, परगावी लग्नाला शेवटचं कधी गेलात. माझ्या आईने चित्रपटाला अडीच वर्षं नकार दिला. मी पासबुकाबद्दल विचारल्यावर ती सलग दोन तास बोलली, वर म्हणाली, "हे कुणी विचारलंच नव्हतं." नंतरही दोन गोष्टी तिने काढायला लावल्या आणि मी काढल्या. त्यातली एक उत्तम होती, अजून वाईट वाटतं.

दाखवण्याचं आत्ताच ठरवू नका, फक्त क्रम पाळा. पहिला प्रयोग घरी, आई आणि वडील, बाहेरचं कुणी नाही, आणि कट अजून उघडा असताना. मग ज्यांच्या ज्यांच्यावर परिणाम होणार ते, म्हणजे बहीण असेल तर ती, तिचं सासर. हे आधी न केल्याचा फटका मी खाल्ला आहे. त्यानंतर महोत्सव. मुंबईचा आंतरराष्ट्रीय महोत्सव माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनपटांसाठी १९९० पासून दर दोन वर्षांनी होतो, तिथे घरगुती विषयांना प्रेक्षक मिळतो. चित्रपटगृहात लावायचा झाला तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागेल. यूट्यूबवर सगळ्यात शेवटी, किंवा कधीच नाही. तिथून काढलेली गोष्ट खरोखर निघालेली नसते, आणि आई उद्या "बंद कर ते" म्हणाली तर तुमच्याकडे बटण असायला हवं.

प्रेक्षकांची तयारी ठेवा. एका तालुक्याच्या गावी प्रयोगानंतर पहिल्याच रांगेतल्या गृहस्थांनी विचारलं, "हे आनुवंशिक असतं ना?" आणि माझ्या शेजारी बसलेल्या माझ्या मुलीकडे पाहिलं. माझ्याकडे उत्तर तयार नव्हतं. त्याच प्रयोगाला बाबा होते. कुणीतरी त्यांना मोठ्या आवाजात, बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं विचारलं, "आता कसं वाटतंय काका?" बाबा म्हणाले, "मी गोळी घेऊन आलोय. तुमचं काय?" तो हशा मी चित्रपटात घालू शकले असते तर फार बरं झालं असतं.

आता लगेच करायचं काम. मेथीची क्लिप हेडफोन लावून पुन्हा ऐका. तेविसाव्या मिनिटाला आई मान वर करून सरळ फोनकडे बघते आणि काहीतरी विचारते. कॅमेऱ्यामागून तुम्ही उत्तर देत नाही, ती पुन्हा देठ खुडायला लागते. मागांच्या आवाजात मला तो प्रश्न लागला नाही, आवाज साफ करूनही नाही. शेवटचा शब्द "का" आहे एवढंच कळतं. ती क्लिप तिला दाखवा आणि काय विचारलं होतं ते तिलाच विचारा.